शिरपामाळ आणि त्यानंतरची आठ वर्षं

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, तिथून घाट उतरून मोखाडा, मग जव्हार, विक्रमगड आणि मनोर. सह्याद्रीच्या माथ्यावरून समुद्राच्या दिशेनं उतरत जाणारा हा रस्ता. जुन्या कागदांत या मुलखाचं नाव कोळवण. दिवाळीच्या सुमारास इथून जावं तर उतारांवरची नागली-वरई हाताशी आलेली असते, भाताची कापणी चालू असते आणि पावसानं धुतलेले डोंगर लांबपर्यंत स्वच्छ दिसतात. रस्त्याच्या कडेला पाट्याही पुष्कळ आहेत. धबधब्याचा फाटा, आश्रमशाळा, धरण, कुठल्या तरी योजनेतून झालेला बंधारा. या सगळ्यांत इतिहासाची जागा म्हणून बाहेरच्या प्रवाशाला एकच ठाऊक असते, ती म्हणजे जव्हार गावाबाहेरचा शिरपामाळ.

शिरपामाळावरचं स्मारक एका भेटीचं आहे. सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला. जव्हारचा राजा विक्रमशहा मुकणे त्यांना सामोरा गेला, त्यानं त्यांचा सन्मान केला आणि मानाचा शिरपेच त्यांना अर्पण केला. माळाचं नाव त्या शिरपेचावरून पडलं, असं जव्हारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सुरतेची ती पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, म्हणजे भेट झाली ती तिच्या तोंडावर, ऐन थंडीत.

माळावर उभं राहिलं की ही हकिकत खरी वाटते, कारण भूगोल तिच्या बाजूनं साक्ष देतो. पाठीमागे घाट आणि नाशिकचा मुलूख, पुढे उतरत गेलेलं जंगल, त्यापलीकडे रामनगरचं राज्य आणि मग सुरत. हजारो घोडी इथून न्यायची तर आधी पाणी हवं, चारा हवा, जंगलातल्या वाटा ठाऊक असलेली माणसं हवीत. आणि सगळ्यांत जास्त काय हवं असेल तर गुप्तता. सुरत हे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर, मक्केला जाणारी जहाजं तिथून सुटत. तरीही मराठ्यांची फौज शहराच्या वेशीजवळ येऊन ठेपेपर्यंत तिथल्या सुभेदाराला, इनायतखानाला, काही करता आलं नाही. तो किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन यानं आपली वखार कशीबशी राखली. शहर मात्र चार दिवस लुटलं गेलं. एवढी मोठी फौज कोळवणातून गेली आणि बातमी तिच्या पुढे धावली नाही. याचा अर्थ कोळवणानं ती फुटू दिली नाही. विक्रमशहानं महाराजांना दिलेली खरी भेट शिरपेचाहून मोठी होती. त्यानं वाट दिली आणि मौन दिलं. संस्थानच्या इतिहासात तर विक्रमशहा त्या स्वारीत सामील झाला होता, असंही नोंदवलं गेलं आहे.

स्मारकाशी जोडलेली गोष्ट इथे थांबते. जव्हारची ओळख करून देणारं बहुतेक लेखनही इथेच थांबतं, आणि पुढचं पान उलटतं ते थेट जयविलास राजवाड्यावर. मधली पानं गेली कुठे, हा प्रश्न मला या माळावर सतत पडत आला आहे.

त्या भेटीनंतर आठ वर्षांनी, जून १६७२ च्या आरंभी, महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर आले. पाऊस कधीही उतरेल असे दिवस होते. जव्हार पडलं. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात नोंदवल्याप्रमाणे मराठ्यांच्या हाती तिथे सतरा लाखांचा खजिना लागला. राजा निसटला आणि नाशिककडच्या मोगली मुलखात गेला. तो राजा विक्रमशहाच होता. ज्यानं माळावर स्वागत केलं, त्याचंच राज्य गेलं.

सांगताना हे अवघड वाटतं, म्हणून न सांगण्याची सवय पडली असावी. पण त्यामागची कारणं नीट पाहिली तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. १६६४ साली महाराजांना सुरतेपर्यंत एकदा जाऊन परत यायचं होतं. पुण्याच्या मुलखात शायिस्ताखानानं तीन वर्षं मांडलेल्या उच्छादाची भरपाई मोगलांकडूनच वसूल करायची होती. त्या कामापुरता कोळवणचा राजा मित्र असणं पुरेसं होतं. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी झाली, आणि परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी रणात गाठ पडली. त्यानंतर बागलाणातला साल्हेरचा किल्ला घेतला गेला आणि १६७२ च्या आरंभी त्याच साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला. बागलाणात पाय रोवले गेल्यावर प्रश्न बदलला. आता एकदा जाऊन येण्याचं काम उरलं नव्हतं. कल्याणपासून सुरतेपर्यंतचा पट्टा कायम हातात हवा होता. त्या पट्ट्यात दोन राज्यं मध्ये येत होती, जव्हार आणि रामनगर. जूनमध्ये जव्हार गेलं, पाठोपाठ रामनगर. मग मोरोपंतांनी सुरतेच्या अधिकाऱ्यांना पत्रांमागून पत्रं पाठवून चार लाखांच्या चौथाईची मागणी केली. त्या पत्रांना वजन आलं होतं ते जव्हारच्या वाटेमुळे.

राज्य उभं करणाऱ्याला असे निर्णय घ्यावे लागतात. हे सांगितल्यानं महाराजांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. उलट एका धाडीपासून सलग मुलखाच्या राज्यापर्यंत त्यांचा विचार आठ वर्षांत किती पुढे गेला, हे जव्हारइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं. पण याच गोष्टीत दुसरा एक माणूस आहे. त्यानं वाट दिली, आणि ती वाट इतकी मोलाची ठरली की तिच्यापायी त्याचं सिंहासन गेलं. ते आठ वर्षांचं अंतर शिरपामाळावर कुठे तरी कोरलेलं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. भेटीच्या बाजूला, तिच्याइतक्याच मानानं.

सतरा लाखांचा आकडा थोडा वेळ मनात राहू द्यावा. आज या तालुक्यांची नावं आपण कोणत्या संदर्भात ऐकतो? १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत बालकांचे मृत्यू झाले आणि जव्हार-मोखाडा हा जोडशब्द मराठी वर्तमानपत्रांत कुपोषणाचं दुसरं नाव होऊन बसला. त्या मृत्यूंची दखल घ्यायलाच हवी होती आणि आजही घ्यायला हवी. पण त्याच डोंगरांत सतराव्या शतकात भरलेला खजिना होता, हे वाचल्यावर इथलं दारिद्र्य जन्मजात आहे, ही समजूत टिकत नाही. परंपरा तर याहून जुनी सांगते. जव्हारच्या दुसऱ्या राजाकडे बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा महसूल होता म्हणे. परंपरेतला आकडा आहे, तो तसाच घ्यावा. पुढचा आकडा मात्र कागदावरचा आहे. पेशवाईत एकेक तुकडा कापला जात १७८२ च्या सुमारास राजाच्या हाती उरलेल्या मुलखाचं उत्पन्न वर्षाला पंधरा-वीस हजारांवर आलं होतं. इंग्रजी अमदानीत संस्थान टिकलं, पण सुमारे ३१० चौरस मैलांचं. १९०१ च्या खानेसुमारीत तिथली लोकसंख्या सत्तेचाळीस हजारांच्या वर होती. गरिबी इथे मातीतून उगवलेली नाही. तिला तारखा आहेत.

मुकणे घराण्याचा आरंभ सांगणारी कथा ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे, आणि तिच्या आधी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यानं १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर विस्तारानं लिहून ठेवलं आहे. कथा अशी: इगतपुरीजवळच्या मुकण्याला मातीची छोटी गढी असलेला जयबा नावाचा कोळी सरदार होता. पिंप्रीच्या देवस्थानी पाच साधूंनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. मग त्यानं माणसं जमवली, पेठ-धरमपूरच्या बाजूनं गेला, गुजरातेत काही वर्षं काढली आणि परत येऊन जव्हारच्या वारली प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा मागितली. वारल्यानं ती दिली. जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या जोडून सगळं ठाणं वेढलं आणि राज्य घेतलं. वारली प्रमुखाला गंभीरगडाकडचा मुलूख देण्यात आला.

हीच गोष्ट भूमध्य समुद्रावर कार्थेजच्या राणीबद्दल सांगतात, आणि जगात इतरही अनेक ठिकाणी. म्हणून ती खोटी ठरवून बाजूला सारता येईल. मी ती वेगळ्या तऱ्हेनं वाचतो. राजघराणं आपल्या स्थापनेची जी कथा स्वतः सांगत आलं, तिच्यात आपल्याआधी इथे वारल्यांचं राज्य होतं आणि ते आपण युक्तीनं घेतलं, ही कबुली शेकडो वर्षं जपलेली आहे. जिंकणाऱ्याच्या घरात हरलेल्याची आठवण इतकी शाबूत राहणं हे सहसा घडत नाही. त्या वारली प्रमुखाचं नाव मात्र कथेनं राखलं नाही.

जयबाचा मुलगा नेमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता देऊन ‘शहा’ हा किताब दिला. तो दिवस ५ जून १३४३. जव्हारला ही घटना एवढी मोठी वाटली की तिथून स्वतंत्र शक सुरू झाला आणि संस्थानच्या कागदांवर तो पुढे शतकानुशतकं चालला. स्वतःचा शक चालवणारी राज्यं महाराष्ट्रात किती होती, ते बोटांवर मोजावं. रायगडावरच्या राज्याभिषेक शकाआधी तीनशेहून अधिक वर्षं डोंगरातल्या एका कोळी राजानं काळ मोजायला स्वतःपासून सुरुवात केली होती. पुढे पोर्तुगीजही जव्हारच्या राजाला कोळ्यांचा राजा म्हणूनच ओळखत.

एवढं असूनही जव्हारचा इतिहास आपल्याकडे येतो तो बाहेरच्यांच्या हातून. सुलतानाची मान्यता, पोर्तुगिजांचे तह, मराठ्यांची मोहीम, इंग्रज कप्तानाचा लेख, मुंबई सरकारचं गॅझेटियर. आतून लिहिणारे फार उशिरा आले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. गोविंद गारे स्वतः महादेव कोळी. त्यांनी आपल्या समाजावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा या डोंगरांकडे बघणारी नजर डोंगरातली होती. तोपर्यंत विसावं शतक निम्म्याहून अधिक उलटलं होतं.

आणि मग राजवाडे. जव्हारमध्ये पर्यटक येतो तो जयविलास पाहायला. गुलाबी छटेच्या दगडाची, कमानींची, घुमटांची ही वास्तू उंचावर, काजूच्या झाडीत उभी आहे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. १९१७ चा जन्म, लहान वयात गादी, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात कामगिरी, १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन, त्यानंतर लोकसभेत खासदार, १९७८ मध्ये मृत्यू. राजा, हवाई दलातला अधिकारी आणि लोकप्रतिनिधी ही तिन्ही कामं एकाच आयुष्यात करणारा हा माणूस महाराष्ट्राला जवळजवळ माहीत नाही. त्यांच्यावर एखादं चांगलं मराठी चरित्र यायला हवं होतं.

गावातला जुना राजवाडा मात्र फोटोत येत नाही. जयविलासच्या आधी घराणं जिथे नांदलं, जिथून राज्यकारभार चालला, त्या वास्तूचं पूर्वीचं रूप उरलेलं नाही. पाहुण्यांना तिच्याकडे नेणारी वाट कुणी दाखवत नाही. मला या दोन राजवाड्यांची तुलना करायची नाही. जयविलास सुंदर आहे. पण जव्हारच्या इतिहासाचं मोठं वजन जुन्या जागेवर आहे आणि लोकांचं लक्ष नव्या जागेवर. सहाशे वर्षांच्या घराण्याला आपण शेवटच्या काही दशकांच्या इमारतीवरून ओळखतो.

हरवलेल्या घरांबद्दल बोलायचं तर इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या मुलखात बहुसंख्य माणसांची घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, वर गवत किंवा कौलं. अशी घरं दोन-तीन पिढ्यांत मातीत मिसळून जातात, जोतंसुद्धा राहत नाही. दगडी वाडा पडला तर निदान ढिगारा राहतो, त्यावर संशोधक येतो, फलक लागतो. ज्या वारल्यानं कातड्याएवढी जागा दिली त्याचं घर शोधायला आज पुरातत्त्ववाला गेला तरी त्याला काय सापडणार? पुन्हा दिवाळी झाली की इथली कित्येक कुटुंबं दारं ओढून घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वर्षाचे सहा-सात महिने घराला कडी. शहरांच्या भिंती थापायला जाणाऱ्यांची स्वतःची भिंत दर पावसाळ्याआधी पुन्हा लिंपावी लागते.

म्हणून इथल्या लोकांनी आठवण ठेवण्याच्या स्वतःच्या रीती काढल्या. रस्त्याच्या कडेचा दगड ही कल्पना सरकारी फलकांनी इथे आणलेली नाही. वाघदेव पाहावा. गावाच्या शिवेवर, झाडाखाली, कधी दगडाचा कधी लाकडाचा उभा खांब. त्यावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला, कुठे नाग, अंगभर शेंदूर. अक्षर एकही नाही. आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस असते त्या दिवशी, इथे वाघबारस. गुराखी आणि गावकरी वाघदेवापाशी जमतात, नैवेद्य होतो, गुरांचं रक्षण कर म्हणून हाक घातली जाते. येत्या दिवाळीतही घातली जाईल. शीव कुठे आहे, जंगलाशी आपला करार काय आहे, हे तो खांब सांगतो आणि दर वर्षी ते पुन्हा बोलून पक्कं केलं जातं. ज्या स्मारकापुढे वर्षातून एकदा सगळं गाव स्वतःहून येतं, त्याला देखभालीचा निधी लागत नाही.

दुसरी रीत बोहाड्याची. होळीनंतरच्या रात्रींत मोखाडा-जव्हारच्या गावांत देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. गणपती आणि सरस्वती आधी, मग एकामागून एक सोंगं. चेहऱ्यावर मोठा रंगीत मुखवटा, मशालींचा उजेड, संबळ आणि सनई. सोंग नाचत पुढे येतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. पहाटेच्या सुमाराला जगदंबा येते आणि राक्षसाशी तिचं युद्ध होतं. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सगळ्या परिसराला ठाऊक आहे. यातली खरी बाब बाहेरून दिसत नाही. कोणतं सोंग कोणत्या घरानं आणायचं, याचे मान ठरलेले असतात आणि ते बापाकडून मुलाकडे येतात. मुखवटा घरात जपला जातो, रंग उडाला की पुन्हा चढवला जातो. कुडाची भिंत गेली, जमीन गेली, माणूस भट्टीवर गेला तरी ‘हे सोंग आमचं’ हा मान जात नाही. त्या रात्रीपुरतं माणूस कुठूनही गावात परततो. एखाद्या घराण्याची ओळख दगडाशिवाय, कागदाशिवाय कशी टिकवावी, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी एक रात्र मोखाड्यात जागून काढावी.

जव्हार आणि मोखाडा ही दोन नावं आज एका श्वासात घेतली जातात, पण संस्थानी काळात त्यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. जव्हार राजाचं, तर मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. म्हणजे जव्हारला निदान राजवाडा तरी आहे. मोखाड्याला तोही नाही. त्याच्या वाट्याला मोठी बांधकामं आली ती धरणांची. वैतरणेचं पाणी अडवून मुंबईला नेण्याचं काम टप्प्याटप्प्यानं झालं. १९५७ मध्ये मोदकसागर, सत्तरच्या दशकात ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे इथलं मध्य वैतरणा. शंभर मीटरहून उंच असलेल्या या शेवटच्या धरणातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यांवर रांगा लावतात, आणि टँकरची मागणी दर उन्हाळ्यात बातमीत येते. पहिल्या धरणाला अभियंता मोदकांचं नाव मिळालं. त्यांचं कर्तृत्व त्या मानाला पात्र होतं. पण पाण्याखाली गेलेल्या शेतांची, देवांच्या जागांची, चालत्या वाटांची नावं जलाशयाच्या काठावर लिहिली तर मुंबईच्या नळाखाली ग्लास धरणाऱ्या माणसाचं आणि या डोंगराचं नातं त्याला कळेल. ते काम मुंबईनं करायचं आहे. मोखाड्याकडून तिनं बरंच घेतलं आहे.

पुन्हा जव्हारकडे येतो, कारण तिथे काय करावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिरपामाळावरचं स्मारक आहे तसंच राहावं, तिथला मान तसाच व्हावा. त्याच्या शेजारी एक दगड हवा. जव्हारला नगर परिषद १९१८ पासून आहे, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, जिल्ह्याला स्वतःची ओळख घडवायची आहे. हे काम या दोघांच्या आवाक्यातलं आहे. दगडावर काय असावं, तेही सांगतो. जानेवारी १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी इथे शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांची भेट झाली, असं परंपरा सांगते. विक्रमशहांनी महाराजांना आपल्या राज्यातून वाट दिली. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार स्वराज्यात आणलं आणि विक्रमशहांना मुलूख सोडावा लागला. त्यांचं घराणं पुढे पुन्हा या गादीवर आलं आणि १९४८ पर्यंत राहिलं. एवढी चार वाक्यं पुरेत. विशेषण एकही नको.

दुसरा दगड जुन्या राजवाड्यापाशी. त्यावर १३४३ आणि जव्हारचा शक. शाळेतल्या पोरांना चालू वर्षातून १३४३ वजा करायला सांगावं, म्हणजे आपल्या गावाच्या शकाला किती वर्षं झाली ते त्यांना तोंडी सांगता येईल.

तिसऱ्या दगडाची जागा ठरवणं सगळ्यांत कठीण, कारण ज्याच्यासाठी तो आहे त्या वारली प्रमुखाचं नाव आपल्यापाशी नाही, गढी नाही, साल नाही. तरीही तो जव्हार गावातच हवा, गंभीरगडाकडे नको, कारण त्याचं ठाणं इथे होतं असं खुद्द राजघराण्याची कथा सांगते. त्यावरचं कोरीव काम बाहेरच्या शिल्पकाराला न देता जव्हार-मोखाड्यातल्या कारागिरांकडून करून घ्यावं. मुखवटे कोरणारे, वाघदेव घडवणारे हात इथे आहेत. मजकूर मराठीत आणि वारली बोलीत असावा. बोलीतला मजकूर काय असावा हे वारली समाजातल्या जाणत्यांनी बसून ठरवावं आणि इतरांनी त्यात शब्द घालू नये. खर्चाचा प्रश्न निघाला तर रस्त्याच्या एका कमानीवर जेवढा होतो त्याच्या अंशात हे तिन्ही दगड उभे राहतात. आणि बैठक ठरवायची तर ती होळीनंतर ठरवावी, बोहाड्याच्या दिवसांत. भट्ट्यांवर गेलेली माणसं तेव्हा गावात आलेली असतात.